निवडणुकीची आणेवारी

आमच्या मुलखात कोणाला मत नव्हतं, पण मतांचा अंदाज सांगणारा माणूस आमच्या घरात होता. ते माझे सासरे. मी त्यांना मामंजी म्हणायचे. धावड्याच्या शिवारात आमची जमीन होती आणि धावडा तेव्हा निजामी राज्यात, म्हणजे लोकांच्या बोलण्यात मोगलाईत. गावापासून सरहद्दीकडे चालत गेलं की एक ओढा लागायचा. त्याच्या पलीकडे वऱ्हाड, तिथं इंग्रजांचं राज्य. माझं माहेर त्या बाजूला, सकाळी निघालं तर जेवायच्या वेळेला पोचावं इतक्या अंतरावर. दोन्हीकडे जोंधळा तोच, सोयरिकीही इकडच्या तिकडे. मधे फक्त करोडगिरीचा नाका होता आणि तिथला शिपाई येणाऱ्याजाणाऱ्यांची गाठोडी सोडून बघायचा. त्याला जकात हवी असायची, आणि जकात निघाली नाही तर निदान गप्पा.

मामंजींचं नाव होतं ते आणेवारीसाठी. उभं पीक बघून ते किती आणे उतरेल हे सांगायचं, हा त्यांचा हातखंडा. सोळा आणे म्हणजे भरलं पीक, आठ आणे म्हणजे निम्मं. भावाभावांची वाटणी असो, उभं पीक विकत घेणारा व्यापारी असो, नाहीतर तहसिलीतून आलेला माणूस असो, सगळे आधी मामंजींना शेतावर न्यायचे. बांधावरून पीक बघणाऱ्यांचा त्यांना मनस्वी राग. ते आधी शेताला पुरता वेढा घालायचे, मग मधोमध घुसायचे, एखादं कणीस दोन बोटांत दाबून बघायचे आणि बाहेर येऊन तंबाखू मळत बसायचे. तंबाखू तोंडात गेल्याशिवाय आकडा बाहेर यायचा नाही. त्यांनी नऊ आणे म्हटलं की खळ्यावर नऊच आणे उतरतात, असं लोक सांगायचे. सासूबाई मात्र म्हणायच्या, "चुकलं तरी यांच्या तोंडावर कोण सांगतंय?" नवऱ्याला इतकं पुरतं ओळखणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

माझ्यावर मामंजींचा जीव होता. लग्न होऊन आले तेव्हा माझ्या हातची भाकरी मधोमध कच्ची राहायची. सासूबाई ताट सरकवायच्या. मामंजी भाकरीचा तुकडा मोडून बोटांत दाबायचे आणि गंभीर तोंडानं म्हणायचे, "बारा आणे झाली. चालतंय." पुढं कधीतरी एकदा ते "पंधरा" म्हणाले, तर मी चुलीपुढं बसून रडले होते. सोळा मला त्यांनी कधीच दिले नाहीत.

आणि माहेर म्हणाल तर माझं माहेर म्हणजे दादा. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आणि दर दिवाळीला तो मुराळी होऊन मला न्यायला यायचा. आमच्याकडे सासुरवाशीण एकटी माहेरी जात नाही. भाऊ न्यायला आला तर जायचं, नाही आला तर दारात उभं राहून दुसऱ्यांचे मुराळी बघायचे. माझ्यावर ती पाळी कधी आली नव्हती. दादा ओढा ओलांडताना डोक्यावरची पांढरी टोपी काढून घडी घालून कोपरीच्या खिशात ठेवायचा. मोगलाईत त्या टोपीकडे लोक डोळे बारीक करून बघायचे, आणि आपल्यामुळे बहिणीच्या सासरी अमीनसाहेबाचा, म्हणजे तिथल्या फौजदाराचा, शिपाई विचारपूस करायला यायला नको, एवढंच त्याला बघायचं असायचं.

सदतीस साली पलीकडे निवडणुका आल्या. नागपूरला नवं कायदेमंडळ बसणार होतं आणि त्यात ज्यांची माणसं जास्त, राज्य त्यांनी चालवायचं, असं दादानं मला समजावून सांगितलं होतं. माहेरच्या भागात दोन बाजू. एका बाजूला देशमुख उभे होते. जमीनजुमला, घोडी, वाडवडिलांचं नाव, सगळं त्यांच्याकडे. लोक त्यांच्या बाजूला पागोटेवाले म्हणायचे. समोर टोपीवाले. त्यांचा उमेदवार तालुक्याच्या गावचा वकील, सायकलवर फिरणारा. दादा त्या वकिलाच्या मागे गावोगाव पायी हिंडत होता आणि त्याच्या पायाला इतक्या भेगा पडल्या होत्या की आई रोज रात्री मेण लावून द्यायची.

मत मात्र दादाला नव्हतं. तेव्हा मत होतं ते सारा भरणाऱ्याला, आणि जमीन वडिलांच्या नावावर. वडिलांना मत, खटपट करून नाव लावलं म्हणून आईलाही मत, आणि जो उन्हातान्हात सगळ्यांना मतं मागत फिरत होता त्याला नाही. यावर आम्ही त्याला खूप चिडवायचो. तोही हसायचा.

वडिलांची स्वतःची जमीन थोडी होती. पोट भरायचं ते देशमुखांच्या बटाईच्या रानावर. मतदानाच्या थोडे दिवस आधी देशमुखांकडून निरोप आला, की त्या दिवशी तुमच्या मुलानं आमच्या मांडवात बसावं. धमकी नव्हती. निरोप्यानं गूळपाणीसुद्धा घेतलं. पण बसला नाही तर रान जाणार, हे सांगायला धमकी लागत नाही. देशमुख निवडून आले तर त्यांच्या शब्दाबाहेर गावातलं पान हललं नसतं. टोपीवाले आले तर देशमुखांनाही जरा जपून वागावं लागलं असतं. म्हणजे आमच्या घराचा प्रश्न एवढाच, की निवडून येणार कोण? आणि वडिलांना या जगात अंदाजाच्या बाबतीत एकाच माणसाचा भरवसा होता. त्यांनी आपल्या व्याह्यांना सांगावा धाडला.

मामंजी निघाले, आणि मला म्हणाले, "चल तूबी. आईला भेटशील." मला अर्थातच आनंद झाला. सासरा माहेरी मानानं बोलावला जातोय, आणि तोही न्यायनिवाड्याला, याचा मला वाटेत इतका तोरा होता की नाक्यावरच्या शिपायाशी मी धड बोललेसुद्धा नाही.

मामंजींनी काम पिकासारखंच केलं. एका गावावरून बोलायला ते तयार नव्हते. बरी, वाईट, मधली अशी तीन-चार गावं त्यांनी निवडली. आठवडी बाजारात ते बैलांच्या दावणीपाशी बसून राहिले. देशमुखांच्या पंगतीला स्वतः जाऊन जेवले, आणि जेवताना ताटापेक्षा ओळींकडे जास्त बघत होते. टोपीवाल्यांच्या सभेला गेले तर तिथं एक कंदील, एक वकील आणि बरीचशी लहान मुलं. परत आले आणि ओसरीवर बसून तंबाखू मळायला लागले. वडील समोर बसले. दादा खांबाला टेकून उभा. मी आणि आई दाराच्या आत.

दादा म्हणाला, "मामा, एक गोष्ट ध्यानात घ्या. मत तोंडानं सांगायचं नाही. शाळेत पडदा लावणार हायेत. पडद्याआड दोन रंगाच्या दोन पेट्या. माणसानं एकट्यानं जायचं अन आपल्या मनच्या पेटीत चिठ्ठी टाकायची. कोनाले काही दिसत नाही."

मामंजींनी ते शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पडद्याआड कोण बसतंय?"

"कोनीच नाही."

"अरं, कोणी तरी असंलच की. पाटील असंल, तलाठी असंल."

"नाही मामा. बाहेर असतात. आत कोनी नाही."

मामंजी हसले. त्यात टिंगल नव्हती. लहान मुलानं आकाशाला हात लावून आलो म्हणून सांगितलं तर आपण हसतो, तसे हसले. त्यांचा जन्म मोगलाईत गेला होता. तिथं रयतेला जे काही सांगायचं ते साहेबाच्या समोर, पाटलाच्या देखत, हात जोडून आणि तोंडानं सांगायचं असायचं. सरकारनं एक खोली करावी, तिच्यात रयतेला एकटं सोडावं आणि बाहेर आल्यावर काय केलंस म्हणून विचारूही नये, हे त्यांना कोणत्याही हिशेबात बसेना. "पेटी बंद असली तरी देशमुखाला कळल्याबिगर राहतंय व्हय?" ते म्हणाले. "अन ज्याच्या मांडवात जेवला त्याच्या उलट माणूस कसा जाईल?"

तंबाखू तोंडात गेली. "चौदा आणे देशमुख," मामंजी म्हणाले. "मी चार गावं हिंडून आलो. सगळीकडं येकच पीक हाय. असंच सगळीकडं असंल तर नागपुरातबी पागोटंच बसतंय, बराबर."

वडिलांनी दादाकडं पाहिलं. ते रागावले नाहीत. ते म्हणाले, "इवायाचा शब्द आजवर खाली गेला नाही. एक दिवस बसून ये, बाबू. रान राहील. तुझ्या आईचं वय झालं, तिले आता दुसऱ्याच्या रानात निंदायला पाठवू का?"

 दादानं टोपी काढली, आत आला आणि आईच्या फडताळात ठेवून दिली. माझ्याकडं बघून तो हसला, पण ते हसू मला अजून आवडत नाही.

मतदानाच्या आधीच मी मामंजींबरोबर धावड्याला परतले होते, म्हणून तो दिवस मी पाहिला नाही, पुढं आईकडून ऐकला. दादा बोडक्या डोक्यानं देशमुखांच्या मांडवात सकाळपासून बसून होता. अख्खं गाव मांडवात आलं, बुंदी खाल्ली, देशमुखांना हात जोडले आणि रांगेनं शाळेत गेलं. टोपीवाले समोर लिंबाखाली, चौघं-पाचजण, कोणी पाणी विचारायलाही नाही. वकील सायकल धरून उभा होता. दादाकडं त्यानं एकदा पाहिलं आणि मान दुसरीकडं फिरवली.

निकालाची बातमी धावड्यात आणली ती जुन्या जालन्याहून कापड घेऊन येणाऱ्या व्यापाऱ्यानं. त्याच्याकडं वर्तमानपत्र असायचं आणि तो कापडापेक्षा बातम्याच जास्त सोडून दाखवायचा. देशमुख पडले होते, आणि चांगले सपाटून पडले होते. नागपुरातही टोपीवाल्यांचंच बहुमत. मामंजी बैलाच्या मानेला तेल लावत होते.

"बिलकुल?" त्यांनी विचारलं.

"बिलकुल," तो म्हणाला.

मामंजी बैलाच्या मानेवर हात फिरवत राहिले. तेल केव्हाच जिरून गेलं होतं.

पलीकडे झालं ते असं. ज्यांनी बुंदी खाल्ली त्यांनीच पडद्याआड जाऊन वकिलाच्या पेटीत चिठ्ठ्या टाकल्या होत्या. निकालाच्या दिवशी तेच सगळे टोप्या घालून मिरवणुकीत नाचले. देशमुखांनी कोणाचंही रान काढलं नाही. काढायचं तर सगळ्या गावाचं काढावं लागलं असतं. आमचंही राहिलं, आणि ते दादा मांडवात बसला नसता तरी राहिलं असतं. मिरवणुकीत दादा गेला तेव्हा कोणीतरी म्हणालं, "हा पाहा, देशमुखाच्या मांडवातला आला." म्हणणारा स्वतः दोनदा पंगतीला बसला होता. लोक हसले. दादा तिथूनच मागे फिरला.

आखाजी आली. आंब्याला आणि लिंबाला झोके बांधले गेले, गल्लीतल्या एकेकीचा मुराळी येऊन एकेकीला घेऊन गेला. मी घर सारवलं, सारवलेलं पुन्हा सारवलं. दादा आला नाही. आईनं कोणाच्या तरी हाती निरोप पाठवला, की दादाचं पाऊल उचलत नाही, तू राग मानू नको. राग कसला मानणार? मला त्याचं पुरतं कळत होतं. ज्या घराच्या शब्दानं त्याला खाली बघायला लावलं, त्या घराच्या उंबऱ्यात त्यानं कुठल्या तोंडानं यावं? पण माझं माहेर तुटत होतं हेही खरं, आणि ते मला सोसत नव्हतं. मी गोठ्यात जाऊन रडायचे, आणि गोठ्यात मामंजी असायचे. आम्ही दोघंही एकमेकांना न दिसल्यासारखं करायचो.

एके दिवशी सकाळी ते धुतलेलं धोतर नेसून, पटका बांधून दारात उभे राहिले. "पोरी, गाठोडं बांध जल्दी."

सासूबाई आतून म्हणाल्या, "सासरा कुठं मुराळी होतो का? गाव हसंल."

"हसू दे," मामंजी म्हणाले. "मी चुकलो तर हसायला पायजेच की गाव."

नाक्यावरच्या शिपायानं आम्हाला दोघांनाच बघून डोळे मोठे केले. "चाचा, बहूको खुद छोडने चले?" मामंजी म्हणाले, "हां. यंदा माझीच पाळी हाय."

घरी पोचलो तर दादा रानात गेला होता. आईनं पाणी दिलं, पदर सारखा करून दाराआड उभी राहिली. मामंजींनी तिला विचारलं, आणि असं विचारताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, "इहीणबाई, तुम्ही आत गेल्त्या ना? पडद्याआड?"

"गेली होती."

"कोण होतं?"

"कोनी नव्हतं," आई म्हणाली. "मी होती अन पेट्या होत्या. मले आधी भ्याव वाटलं. मंग वाटलं, आपल्याले कोनी पाहून नाही राह्यलं. असं मले लग्नानंतर पहिल्यांदाच वाटलं."

वडील घरात असते तर आई हे बोलली नसती. मामंजींनी मान हलवली. पुढं मोगलाई गेलेली त्यांनी डोळ्यांनी पाहिली, पण आमच्या गावात पेट्या येईपर्यंत ते राहिले नाहीत. तो पडदा त्यांनी पाहिला तो आईच्या बोलण्यातूनच.

संध्याकाळी दादा आला. मामंजींना बघून तो पाया पडला, रीत म्हणून, आणि बैल बांधायला वळला. मामंजींनी त्याचा दंड धरला आणि त्याला तसाच पारावर नेला. पारावर रोजची माणसं बसली होती. मी आणि आई शेजारच्या ओट्यावर येऊन उभ्या राहिलो.

मामंजी बसले नाहीत. उभ्यानंच म्हणाले, "मंडळी, मी धावड्याचा. आणेवारी करतो. ह्या गावाची आणेवारी मी केल्ती अन ती चुकली. चौदा आणे देशमुख म्हन्लो. पोरगं माझ्या शब्दावर मांडवात बसलं."

एकजण हसत म्हणाला, "जाऊ द्या हो पाव्हणं. आम्ही सगळेच बसलो होतो की तिथं. बुंदी चांगली होती."

"तुमी बसले," मामंजी म्हणाले, "मंग उठून पडद्याआड गेले, अन तुमच्या मनात होतं ते करून आले. ह्या पोराला पडदा न्हवता. ह्याला मतच न्हाई. ह्याच्याजवळ उघड्यावर बसायची जागा तेवढी होती, अन ती मी घालवली. हसायचं तर मला हसा."

पारावर कोणी हसलं नाही. मिरवणुकीत ज्यानं टोमणा मारला होता तो तिथंच होता. तो थोडा सरकला, आणि दादासाठी जागा झाली. दादा बसला नाही. तो मामंजींचा हात धरून त्यांना घरी घेऊन आला. त्या रात्री दोघं एका ताटात जेवले आणि भाकरी माझ्या हातची होती. मामंजींनी तुकडा दाबून बघितला नाही. मी वाट बघत होते.

आखाजीचे दिवस संपले आणि आम्ही धावड्याला निघालो. आम्हाला सोडायला दादा आला. निघताना त्यानं फडताळ उघडलं आणि टोपी डोक्यावर घातली. वाटभर दोघं पावसाबद्दल, बैलांबद्दल, पऱ्हाटीबद्दल बोलत होते. मी मागून चालले होते आणि खूप दिवसांनी मला काहीच काळजी नव्हती.

ओढा आला. दादानं एका हातात वहाणा घेतल्या आणि दुसरा हात सवयीनं टोपीकडं गेला.

"राहू दे," मामंजी म्हणाले.

"मामा, नाक्यावर शिपाई हाय. तुम्हाले तहसिलीत जावं लागते."

"माहीत हाय. राहू दे."

शिपाई खाटेवरून उठून आला. त्यानं दादाच्या टोपीकडं बघितलं, मामंजींकडं बघितलं, पुन्हा टोपीकडं बघितलं. "ये कौन है, चाचा?"

मामंजींनी दादाच्या खांद्यावर हात ठेवला. "आमचा मुराळी हाय," ते म्हणाले. "दिवाळीलाबी येणार. ध्यानात ठेव."